शेवटून मोजणारी अक्का

अक्कांच्या घरी ताट समोर आलं तरी लगेच हात घालायचा नसे. आधी मोजणी व्हायची. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, पळी हातात तशीच, आणि पंगतीच्या पार शेवटच्या टोकापासून सुरुवात करायच्या. बाहेरच्या दाराशी बसलेला पहिला, मग त्याच्या शेजारचा, असं करत करत त्यांच्या पायाशी बसलेल्यापर्यंत. मग मागं वळून भांडी घासणाऱ्या रत्नम्माला मोजायच्या आणि सर्वांत शेवटी स्वतःला. एखादा कमी भरला की पळी पातेल्यात परत जायची.

"थांबा स्वल्प. एक यायचाय."

आम्ही थांबायचो. वरणावर साय धरायची, भाकरी कडक व्हायची. न आलेला मुलगा बहुधा महादेवपुऱ्याच्या कुठल्यातरी ऑफिसात संगणकासमोर अडकलेला असे. नागपूरहून नोकरीसाठी आलेला सुहास एकदा भुकेनं वैतागून म्हणाला, "अक्का, तो येईल तेव्हा येईल. वरण गार होऊन राहिलंय ना."

"गार वरणानं कोण मरत नाही," अक्का म्हणाल्या. "बस गप."

भाड्यानं राहायला आलो त्या पहिल्या दिवशी मला हे सगळं विचित्र वाटलं. मोजायचंच तर जवळच्यापासून का नाही मोजत, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे आणि मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. "शेवटून मोजायचं, मास्तर. पुढचे आपोआप पोचतात."

मी मास्तर नव्हतो. एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात कामाला होतो. पण अक्कांनी एकदा नाव ठेवलं की ते बदलत नसे. त्यांचं स्वतःचं नाव तुळजाबाई, हे मला कितीतरी महिन्यांनी त्यांच्या रेशनकार्डावरून कळलं. सगळी मारतहळ्ळी त्यांना अक्काच म्हणायची.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांची गोष्ट. मारतहळ्ळी तेव्हा शहराच्या कडेला, अर्धी खेडं होती. एका बाजूला नाचणीची शेतं आणि दुसऱ्या बाजूला रिंग रोडसाठी उकरलेली लाल माती. डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की बोलणारा वाक्य मध्येच सोडायचा. अक्का सोडायच्या नाहीत. त्या आवाज चढवून विमानाला हरवायच्या. त्यांचे यजमान विमानांच्या कारखान्यात फिटर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गच्चीवरच्या खोल्या त्या पुण्या-नागपूरच्या मुलांना भाड्यानं देत आणि त्यांना जेवू घालत. बाई उंच, हाडापेरानं मोठी, सत्तरीकडे झुकलेली. कपाळावर ठसठशीत बुक्का आणि पायात पुरुषी चपला. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर कर्नाटकात उतरलं आणि तिथंच राहिलं. त्यामुळे त्यांची मराठी आमच्या मराठीसारखी नव्हती. तिच्यात कन्नड मीठ-मिरचीसारखं पडलेलं असे, आणि कुणी हसलं तर त्या म्हणायच्या, "आमची मराठी जुनी हाय. तुमचीच पुण्यात जाऊन बिघडली."

अक्कांचं माहेर बळ्ळारीच्या पलीकडे, करेगुड्डा नावाच्या डोंगराखाली होतं. करेगुड्डा म्हणजे काळा डोंगर. त्या डोंगरात मॅंगनीज निघालं, आणि साहेबांच्या एका कंपनीनं माथ्यावरच्या खाणीपासून खालच्या मोठ्या स्टेशनापर्यंत अरुंद रुळांची लाइन टाकली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधी ती सुरू झाली. लढाईत तोफांच्या पोलादाला मॅंगनीज लागायचं म्हणून तिला बरकत आली, आणि लढाई संपून काही वर्षं गेली तशी ती संपली. डोंगरात सडक झाली, ट्रक आले, रूळ उखडून भंगारात विकले. एका मुलीचं लहानपण आणि तारुण्य, एवढंच त्या रेल्वेचं आयुष्य.

"बंद पडली" असं मात्र अक्कांसमोर म्हणायची सोय नव्हती.

"पडली न्हवं. केली. पडायला ती काय म्हातारी होती?"

ट्रकांवर त्यांचा राग तेव्हापासूनचा. टेंपोवर भाजी विकायला येणाऱ्याकडून त्या कधी काही घ्यायच्या नाहीत. डोक्यावर पाटी घेऊन येणारीची वाट पाहायच्या, मग तिची भेंडी जून का असेना. त्या रेल्वेची बढाई मारताना त्यांना सत्याचं फारसं बंधन नव्हतं हेही सांगायला हवं. माणसांच्या डब्यात एका सांगण्यात मखमली गाद्या असत, आणि दुसऱ्या सांगण्यात फळ्यांच्या फटींतून साडी अडकून फाटलेली असे. सुहासनं हे दाखवून दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन्ही होतं. मखमल साहेबाला, फळी आम्हाला. डबा एकच."

पण एका गोष्टीत त्यांचं सांगणं कधी बदललं नाही. ती म्हणजे उतार.

डोंगराच्या मधोमध एक उतार इतका तीव्र होता की खनिजानं भरलेली गाडी तिथून माणसांसकट खाली न्यायची कंपनीची छाती नव्हती. म्हणून उताराच्या माथ्यावर गाडी थांबायची आणि सगळे प्रवासी उतरायचे. खनिज फोडणाऱ्या बाया, बाजाराला निघालेले, आजारी, लग्नाची वऱ्हाडं, सगळे. गाडीवर उरायचे ड्रायव्हर, फायरमन आणि ब्रेकवाले. ब्रेकवाले खनिजाच्या डब्यांवर बसायचे आणि इंजिनाची शिटी ऐकून हातानं लोखंडी चाक फिरवत ब्रेक आवळायचे, सोडायचे. रुळांवर चाक घसरू नये म्हणून इंजिनाच्या पुढच्या पेटीतून वाळू सोडायची. गाडी अशी कण्हत कण्हत खाली जायची, आणि माणसं जंगलातल्या पायवाटेनं डोंगर उतरायची. खालच्या वळणावर गाडी त्यांची वाट पाहत उभी असायची.

अक्कांचे वडील त्या गाडीचे गार्ड. ते माणसांबरोबर चालत उतरत, खाली मोजणी करत, आणि माथ्यावर उतरलेली सगळी डोकी खाली भरली की हिरवं निशाण दाखवत. त्याआधी नाही.

"आमच्या लग्नात मी शालू नेसून उतरले तो डोंगर," अक्का सांगायच्या. "सासू मागं राहिली, तिला दम लागला. नवरा म्हणाला, गाडी सुटंल. मी म्हणाले, माझ्या आबांची गाडी हाय. सुटून जाऊ दे बघू कशी."

एकदा कंपनीचा मोठा साहेब पाहुण्यांना घेऊन गाडीत होता. त्यांनाही चालत उतरावं लागलं होतं, म्हणून तो आधीच तापलेला. खाली सगळे आले, एक बाई यायची होती. खनिज फोडणारी, दिवस भरत आलेली. साहेब घड्याळ काढून ओरडायला लागला. इथं अक्का पदर कमरेला खोचून उभ्या राहायच्या आणि साहेबाची नक्कल करायच्या. गाल फुगवून, बोट नाचवून, ज्या भाषेत कुठलाच शब्द नव्हता अशा इंग्रजीत. मग एकदम शांत होऊन वडिलांची.

"आबांनी काय केलं? हिरवं निशाण गुंडाळलं. खाली ठेवलं. अन् त्यावर बसले."

"मग?" ऐकलेलं असूनही आम्ही विचारायचो.

"मग काय? बाई आली. आबा उठले. निशाण स्वल्प चुरगळलं होतं."

त्यांनी एकदा मला विचारलं, तुझ्या ग्रंथालयात आमची गाडी आहे का. मी शोधलं. एका जुन्या जाडजूड ग्रंथात त्या जिल्ह्याची खनिजं, पाऊस, जाती, देवळं सगळं होतं, आणि खाणींच्या प्रकरणात एका वाक्याच्या शेपटीला, खनिज वाहण्याकरता तिथं काही काळ ट्रामवे होती, असा उल्लेख होता. मी मोठ्या आनंदानं तो अक्कांना सांगितला. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या.

"अर्धी ओळ?"

"हो. पण आहे तरी."

"इतकी माणसं अर्ध्या ओळीत बसली कशी रे?" त्यांनी भाकरी तव्यावर आपटली. "आणि माणसांचं नाव तरी हाय काय त्यात? नुसतं खनिज. जा, परत ठेव तुझं पुस्तक."

पुढं जे झालं त्याची सुरुवात सुहासनं केली. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, त्याच्या ऑफिसच्या गेटपाशी एक छोटं वाफेचं इंजिन आणून बसवलंय. कुठल्यातरी भंगारवाल्याकडून घेतलं म्हणे. लाल-पिवळा रंग दिलाय. भारी दिसतं.

"केवढं?" अक्कांनी विचारलं.

"एवढंसं. लहान मुलांच्या गाडीसारखं."

"वाळूची पेटी कुठं हाय त्याला? पुढं का मागं?"

सुहासला ते माहीत नव्हतं. शनिवारी अक्का मला घेऊन महादेवपुऱ्याला निघाल्या. ऑफिसच्या आधी रस्त्याला चांगलाच उतार होता. त्या उताराच्या माथ्यावर त्यांनी रिक्षा थांबवली, आम्ही उतरलो, आणि रिक्षावाल्याला त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, तू रिकामा खाली जा आणि थांब. तो बिचारा माझ्याकडे पाहत राहिला. कुठल्याही मोठ्या उतारावर अक्का वाहनात बसून खाली जात नसत. ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

इंजिन गेटच्या आत, हिरवळीवर, रुळांच्या छोट्या तुकड्यावर उभं होतं. अक्का त्याच्याभोवती फिरल्या. पुढच्या बाजूला एक लोखंडी पेटी होती, तिच्या झाकणाला जाड रंगाखाली एक कडी होती. इंजिनाची वाटेल अशी नव्हे. घराच्या दाराला असते तशी, पितळी फुलाची. अक्कांनी ती नखानं खरवडली.

"ही आमच्या परसदाराची कडी," त्या म्हणाल्या. "लढाईत सामान मिळंना. पेटीचं झाकण उघडायचं, वाळू भिजायची. आबांनी आमच्या दाराची काढून बसवली. आई आठवडाभर भांडली. रात्री दाराला दगड लावून झोपायचो."

ती वाळू अक्काच वाळवायच्या. डोंगराखालच्या ओढ्याची वाळू उन्हात पसरायची, चाळायची, पोत्यात भरायची. त्याची मजुरी मिळायची. ओली वाळू नळीत अडकते आणि चाक घसरतं, म्हणून हाताला कोरडी लागेपर्यंत वाळवायची. त्यांनी झाकण उघडलं. आत चॉकलेटचे कागद होते.

मग त्यांचं लक्ष पाटीकडे गेलं. पाटी इंग्रजीत होती.

"वाच."

मी वाचलं. टॉय ट्रेन. खाली लिहिलं होतं, राजेरजवाड्यांच्या काळातली गंमत.

"टॉय म्हणजे?"

मला ते सांगणं जड गेलं. "खेळणं, अक्का."

त्या पाटीकडे पाहत राहिल्या. मग चॉकलेटचे कागद एक एक करून वेचले, पदरात बांधले आणि निघाल्या.

पुढच्या शनिवारी त्या परत गेल्या. बरोबर कापडी पिशवीत चाळलेली, कोरडी वाळू. गेटवरचा पहारेकरी मंजुनाथ कोवळा पोरगा होता. त्यानं विचारलं, अम्मा, पिशवीत काय आहे? अक्कांनी खरं ते सांगितलं, आणि वाळू आत नेऊ नका असा कुठला नियम त्याला आठवेना. त्यांनी पेटी भरली, कडी लावली, आणि पाटीसमोर बसकण मारून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कन्नड, मराठी, जे जमेल त्यात सांगू लागल्या: ही रेल्वे आहे, खेळणं नाही, पाटी काढा. लोक हसायचे, काही थांबायचे. एकानं तर इंजिनाबरोबर त्यांचाही फोटो काढला.

तिसऱ्या शनिवारी इमारतीची व्यवस्था पाहणारा अधिकारी खाली आला. देशपांडे नावाचा, पुण्याचा, गळ्यात ओळखपत्र. मराठी बाई आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"अहो आजी, उन्हात कशाला बसलात? आत या, चहा घ्या."

"आजी न्हवं. अक्का म्हण. आणि चहा नको. पाटी काढ."

"ॲक्च्युअली काय आहे ना अक्का, ते आमच्या आर्किटेक्टनं केलंय. लोकांना क्यूट वाटतं. मुलं येतात, खूश होतात. कुणाचा अपमान करायचा हेतू नाहीये."

"मुलांनी खूश व्हावं. मी कुठं नको म्हणते? पण खोटं कशाला लिहायचं?"

"खोटं म्हणजे... एवढुसं इंजिन आहे हो. लोक टॉयच म्हणणार."

"तू केवढा हायस?" अक्का उठून उभ्या राहिल्या. त्या त्याच्यापेक्षा उंच होत्या. "तुला खेळणं म्हणू काय?"

मंजुनाथनं हसू लपवायला तोंड फिरवलं. देशपांडेही हसला. माणूस वाईट नव्हता. "बरं, मी वर विचारतो," तो म्हणाला. "पण मला सांगा, तुम्हाला एवढं का लागलंय ते? एक शब्द तर आहे."

 अक्कांचा हात पेटीच्या कडीवर होता. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या घरी कधी ऐकलं नव्हतं. घरी त्या ठणकावून सांगायच्या, आमच्या गाडीत एक प्रवासी कधी मेला नाही. ते खरंच होतं.

हणमंता त्यांचा धाकटा भाऊ. शेवटच्या डब्यावरचा ब्रेकवाला. लढाईच्या दिवसांत खनिजाची मागणी वाढली तसे कंपनीनं डबे वाढवले, ब्रेकवाले वाढवले नाहीत. एका पावसाळी दिवशी गाडी माणसांना उतरवून खाली गेली. आबा माणसांबरोबर पायवाटेनं आले, पुढच्यापासून मोजलं, मोजणी भरली. सगळे प्रवासी होते. धुकं होतं, गाडीचं शेपूट वळणाआड होतं. आबांनी हिरवं निशाण दाखवलं आणि गाडी सुटली.

"ब्रेकवाले मोजणीत नसायचे," अक्का म्हणाल्या. "मोजायचे ते प्रवासी. ते गाडीचेच न्हवं काय, त्यांना कोण मोजणार? पुढच्या स्टेशनात कळलं, शेवटचा डबा नाही. वरच तुटला होता. माघारी गेले. त्यानं ब्रेक आवळला होता. डबा थांबला होता, पण आडवा. हणमंता त्याच्या खाली होता. हात चाकावरच."

देशपांडेनं कडीवरच्या त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"कंपनी म्हणाली, उडी मारायची. कशाला नाही मारली? त्याचीच चूक. आबांनी त्यानंतर मरेपर्यंत शेवटून मोजलं. आधी शेवटचा ब्रेकवाला, मग बाकी जग." त्यांनी पाटीकडे बोट केलं. "खेळण्यानं माणूस मरत नाही रे बाबा. एवढंच. विचार वर."

देशपांडेनं वर विचारलं असावं. तीन-चार शनिवार त्याच्याकडून "बघतोय, अक्का" ऐकू आलं, मग तो दिसेनासा झाला, मग मंजुनाथला सांगण्यात आलं की या बाईंना आत सोडायचं नाही. त्यानं ते मान खाली घालून सांगितलं. "अम्मा, बेडा, नको. माझी नोकरी जाईल."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "तुझी नोकरी जायला नको."

मला वाटलं संपलं. रिक्षाकडे परतताना त्या रस्त्याच्या कडेला थबकल्या. तिथं रिंग रोडचं काम चाललं होतं, पिंपात डांबर उकळत होतं, आणि मजूर बाया खडी पसरत होत्या. अक्का बराच वेळ त्या बायांकडे पाहत होत्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी दुपारी पंगत बसवली, मोजणी झाली, जेवणं झाली, आणि मग त्या म्हणाल्या, "आज माझ्याबरोबर कोण कोण येणार?" जेवल्यावर त्या घरात कुणाची नाही म्हणायची हिंमत नव्हती. सुहास घाबरला होता, कारण गेट त्याच्याच ऑफिसचं होतं. तरी आला. उताराच्या माथ्यावर सगळ्यांना उतरवून अक्कांनी खाली चालवत नेलं. वाटेत त्या डांबराच्या पिंपापाशी थांबल्या, तिथल्या बाईशी तेलुगूत दोन वाक्यं बोलल्या, आणि तिनं हसत एका पत्र्याच्या डब्यात डांबर ओतून दिलं. वर केरसुणीचा एक जुडगाही दिला.

मंजुनाथ आडवा आला. अक्कांनी त्याला हात लावला नाही, ओलांडलंही नाही. पाटी कुंपणाच्या जाळीला लागूनच होती. त्या बाहेरच्या बाजूनं गेल्या, डबा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यातला खेळणं कुठला?"

मी जाळीतून बोट घालून तो शब्द दाखवला.

त्यांनी केरसुणी डांबरात बुडवली, जाळीतून आत घातली आणि तो शब्द मिटवला. सावकाश, कड सोडून, घरातली जमीन सारवावी तसा. खालची गमतीची ओळही मिटवली. ऊन लख्ख होतं. आतून चार माणसं धावत आली, कुणीतरी फोन करा म्हणालं, कुणीतरी पोलीस म्हणालं. अक्कांनी केरसुणी सुहासच्या हातात दिली, त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि त्या आतून आलेल्यांकडे वळून मोठ्यानं, कन्नडमध्ये, आपलं नाव सांगू लागल्या. वडिलांचं नाव, गावाचं नाव, घराचा पत्ता. "मी केलं. उद्या पुसाल तर परवा परत करीन. मी मारतहळ्ळीलाच असते. पळून जायला मला वेळ नाही, संध्याकाळी पोरं जेवायची हायत."

पोलीस आले नाहीत. पाटी पुन्हा रंगवली गेली. अक्कांनी ती पुन्हा मिटवली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. रस्त्याच्या कामावरच्या बाया आता त्यांना पाहताच डबा भरून ठेवायच्या. एकदा देशपांडे गेटच्या आत उभा राहून हे पाहत होता. त्यानं कुणाला बोलावलं नाही. शेवटी, कंपनी कंटाळली म्हणून म्हणा की देशपांडेनं रंगाऱ्याला बोलावणंच थांबवलं म्हणून म्हणा, पाटी तशीच राहिली. वर एक काळा पट्टा, त्यापुढं "ट्रेन" एवढा शब्द, आणि खाली दुसरा काळा पट्टा. नवी पाटी कुणी लावली नाही. करेगुड्ड्याचं नाव कुठं आलं नाही.

मी एकदा म्हटलं, "अक्का, नावाचीही पाटी मागूया का? मी अर्ज लिहून देतो."

"अर्ज बेडा," त्या म्हणाल्या. "खोटं पुसलं, साकु, पुरे. खरं मी सांगते की जाऊन."

आत न सोडण्याचा हुकूमही कुणी पाळेनासं झालं, आणि त्या जात राहिल्या. नव्या आलेल्या पहारेकऱ्यांना मंजुनाथच सांगायचा की ह्या वाळूवाल्या अम्मा, ह्यांना सोडायचं. सुहासची नोकरी गेली नाही. पुढं तो अमेरिकेला गेला. तिथून त्यानं एकदा फोन केला तेव्हा अक्कांनी त्याला विचारलं, "तिकडं तुला कोण मोजतं?" त्यानं काय उत्तर दिलं ते कळलं नाही. विमान चाललं होतं.

दशक संपताना त्यांचे गुडघे गेले, मग दम लागू लागला. डॉक्टरांनी जिने-उतार बंद सांगितले. त्या गेल्या त्याआधीच्या महिन्यातली ही शेवटची आठवण. बाकीची रुग्णालयातली दृश्यं मी मनाच्या मागच्या खोलीत टाकली आहेत. हे एवढं समोर ठेवलंय.

शनिवार होता. वाळूची पिशवी माझ्याकडे होती. उताराच्या माथ्यावर त्यांनी सवयीनं रिक्षा थांबवली. मी म्हटलं, आज राहू दे, बसूनच जाऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उतरलो. रिक्षा रिकामी खाली गेली.

"तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "मी शेवटची."

मी हळूहळू खाली आलो. खाली पोचल्यावर वळून पाहिलं. रस्ता आता रुंद झाला होता. इमारतींसाठी खडी वाहणारे ट्रक एकामागून एक तो उतार उतरत होते. अक्का रस्त्याच्या कडेनं येत होत्या, पाऊल मोजून, मध्येच थांबून श्वास घेत. रिक्षा पलीकडच्या बाजूला उभी होती, म्हणजे रस्ता ओलांडायला हवा होता. एक भरलेला ट्रक हॉर्न वाजवत खाली येत होता.

त्या कडेला थांबल्या नाहीत. रस्त्यात उतरल्या आणि उजवा हात वर केला. पंजा ताठ, ट्रकाकडे. ब्रेक किंचाळले, ट्रक त्यांच्यापासून काही हातांवर थांबला, त्याच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. पहिल्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून काहीतरी घाण बोलायला तोंड उघडलं.

"माणसं उतरतायत!" अक्का ओरडल्या. "दिसत नाही?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. त्या एकट्याच होत्या. हात तसाच वर ठेवून, अजिबात घाई न करता, त्या रस्ता ओलांडू लागल्या. मधोमध त्यांना दम लागला तेव्हा त्या उभ्या राहिल्या, आणि सगळी ओळ उभी राहिली.

आमच्या रिक्षावाल्यानं गाडी चालू करून ठेवली होती. त्यानं ती बंद केली.